‘कोनी सांगं तुले?’ : समाजमाध्यमे आणि आपली लोकशाही

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीचे मतदान २० नोव्हेंबरला होते. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी तापीकाठच्या आमच्या गावात, एसटी थांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर, कापूस वेचणीसाठी मजूर न्यायला आलेल्या एका ओळखीच्या मुलाने सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले की, एका अपक्ष उमेदवाराने रात्रीच माघार घेतली आहे आणि आता त्याला मत देणे म्हणजे मत वाया घालवणे. बाकावर बसलेल्या आबांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारले, “कोनी सांगं तुले?” मुलाने मोबाइल पुढे केला. त्यात चाळीस सेकंदांचे ध्वनिमुद्रण होते. आवाज अहिराणीतला, आपल्याच मुलखातल्या माणसाचा वाटावा असा होता आणि त्यावर दोन बाणांची खूण होती, म्हणजे तो संदेश पुष्कळ हातांतून फिरून आलेला होता. आबा म्हणाले, “ते समजनं, पन सांगं कोनी?” त्या मुलाकडे उत्तर नव्हते. मी तिथेच बसलो होतो आणि माझ्याकडेही नव्हते. उमेदवारी मागे घेण्याची मुदत ४ नोव्हेंबरलाच संपली होती, त्यामुळे ती बातमी खरी असणे शक्यच नव्हते, हे मला दुपारी घरी आल्यावर सुचले. तोपर्यंत तोच आवाज माझ्या तीन ग्रुपवर येऊन गेला होता.

समाजमाध्यमांनी राजकारण कसे बदलले, हे समजून घेताना मला आबांचा प्रश्नच सर्वांत उपयोगी वाटतो. आपण ज्याच्या बोलण्यावर विसंबून मत देतो, त्याला पुन्हा गाठून जाब विचारता येतो, या गृहीतकावर जाहीर सभा, वर्तमानपत्र, निवडणूक कायदा आणि विधानसभा हे सगळे उभे आहे. राजकारणात खोटे पूर्वीही बोलले जात होते, पण त्या खोट्याला धनी असे. कोणी पारावर उभे राहून काही बोलले, तर त्याचे नाव, गाव आणि भाऊबंद सर्वांना ठाऊक असत आणि दुसऱ्या दिवशी त्याच पारावर त्याला खोटे पाडता येत असे.

डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते काँग्रेसचे पहिलेच अधिवेशन होते आणि पंडित जवाहरलाल नेहरू त्याचे अध्यक्ष होते. त्या अधिवेशनासाठी साने गुरुजी खानदेशात गावोगाव फिरले. अमळनेरच्या छात्रालयात ते विद्यार्थ्यांसाठी हस्तलिखित दैनिक काढत असत आणि १९३८ मध्ये त्यांनी ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. त्या काळच्या शेतकऱ्यापर्यंत राजकारण पोहोचायला वेळ लागत होता, पण ते पोहोचवणारा माणूस त्याच्या ओट्यावर येऊन बसत होता आणि कागदावर छापलेल्या मजकुराखाली कोणाचे तरी नाव होते. स्वतंत्र भारताच्या कायद्यानेही हेच तत्त्व धरले. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-क नुसार निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव आणि पत्ता छापणे बंधनकारक आहे. भिंतीवर डकवलेल्या साध्या कागदाला जी अट आहे, ती चाळीस सेकंदांच्या त्या आवाजाला लावणार कशी, ही आजची अडचण आहे.

अडचणीकडे वळण्यापूर्वी मिळालेला लाभ मोकळेपणाने मान्य केला पाहिजे, कारण तो लहान नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेट स्वस्त झाले आणि दोन-तीन वर्षांत सातपुड्याच्या पाड्यांपर्यंत मोबाइल पोहोचला. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे मिळून विधानसभेवर २० आमदार निवडून देतात, तरी मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर खानदेशाची दखल आगी-अपघातांपलीकडे क्वचितच घेतली जात असे. आज धडगावचा एखादा तरुण पुराने तुटलेल्या फरशी पुलाचे चित्रीकरण करतो आणि ते संध्याकाळपर्यंत जिल्हाधिकाऱ्यांच्या नजरेस पडते. अहिराणीला शाळेत आणि कचेरीत जागा नव्हती, पण यूट्यूबवर अहिराणी गाण्यांना आणि विनोदी चित्रफितींना लाखो प्रेक्षक मिळाले आणि आपली बोली लाजिरवाणी नाही, हे एका पिढीला कळले. पूर्वी बोलण्यासाठी कोणाची तरी परवानगी लागत असे, कधी संपादकाची, कधी पुढाऱ्याची, कधी गावातल्या मोठ्या वाड्याची, आणि ती अट गेली. लोकशाहीसाठी ही मोठीच गोष्ट आहे.

मग बिघडते कुठे? ते समजण्यासाठी ही माध्यमे आतून कशी चालतात हे थोडे सावकाश पाहावे लागेल. फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा यूट्यूब उघडल्यावर समोर जे दिसते, तो काही घडलेल्या गोष्टींचा क्रम नसतो. आपले पाचशे ओळखीचे लोक आणि शंभर पाने मिळून दिवसभरात जितका मजकूर टाकतात, तितका पाहणे कोणालाच शक्य नाही, म्हणून त्यातला कोणता वर आणायचा आणि कोणता खाली ठेवायचा हे संगणक ठरवतो. ज्या नियमांनी तो हे ठरवतो, त्यांना अल्गोरिदम म्हणतात. आपण कोणत्या चित्रफितीवर किती सेकंद थांबलो, कशावर प्रतिक्रिया दिली, काय पुढे पाठवले आणि काय न वाचता सरकवले, या प्रत्येक गोष्टीची नोंद तो ठेवतो आणि त्यावरून अंदाज बांधतो की पुढचा कोणता मजकूर दाखवला तर हा माणूस आणखी थोडा वेळ थांबेल. कंपनीला आपल्या राजकीय मताशी देणे-घेणे असण्याची गरज नाही. तिचे उत्पन्न जाहिरातींवर चालते आणि आपण जितका वेळ थांबू तितक्या जाहिराती दाखवता येतात. बाजार समितीत केळीचा किंवा कापसाचा लिलाव होतो, तसा इथे आपल्या लक्षाचा होतो. पान उघडण्याच्या क्षणात, आपल्याला कळायच्या आत, त्या जागेवर कोणाची जाहिरात दिसणार याची बोली संगणकांमध्ये लागून संपलेली असते.

माणूस कशावर अधिक थांबतो, याचे उत्तर आपण स्वतःच्या बोटाकडे पाहून देऊ शकतो. राग, भीती आणि ‘आपले’ विरुद्ध ‘त्यांचे’ असा सामना या गोष्टींवर आपले बोट थांबते. फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे २०२१ मध्ये बाहेर आली, तेव्हा असे उघड झाले की २०१७ पासून काही काळ कंपनीच्या गणितात रागाच्या चेहऱ्यासारख्या प्रतिक्रियांना साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन दिले जात होते. त्यामुळे चीड आणणारा मजकूर आपोआप वर येत असे. पुढे कंपनीनेच ते वजन कमी करत नेले आणि २०२० मध्ये रागाच्या चिन्हाचे वजन शून्यावर आणले. म्हणजे कोट्यवधी लोकांसमोर राजकारणाचा कोणता चेहरा जाणार, हे एका आकड्याने ठरत होते, आणि तो आकडा कोणत्याही विधिमंडळात चर्चेला आला नव्हता.

याचा परिणाम वाचकापेक्षा पुढाऱ्यावर आधी होतो, असे माझे निरीक्षण आहे, आणि या बाजूकडे आपण फारसे लक्ष देत नाही. गिरणा धरणाच्या आवर्तनाविषयी, पीकविम्याच्या निकषांविषयी किंवा आश्रमशाळेतील रिक्त पदांविषयी एखाद्या लोकप्रतिनिधीने दहा मिनिटे अभ्यासपूर्ण बोलले, तर त्याच्या पानावर पन्नास-साठ प्रतिक्रिया येतात. त्याच भाषणात त्याने प्रतिस्पर्ध्याच्या जातीवरून किंवा घरावरून एक टोमणा मारला, तर तेवढाच वीस सेकंदांचा तुकडा कापून निघतो आणि हजारो लोक तो पाहतात. पुढाऱ्याची माध्यमे सांभाळणारी मुले हे आकडे रोज त्याच्यासमोर ठेवतात. काय पिकते आणि काय पिकत नाही हे कळल्यावर शेतकरी पीक बदलतो, तसाच वक्ता भाषण बदलतो. वाईट वृत्तीचा माणूस राजकारणात आला म्हणूनच भाषा घसरते असे नाही. बऱ्यापैकी माणसालाही या बाजारात टिकायचे असेल तर खालच्या पट्टीत बोलावे लागते.

खोटे खऱ्यापेक्षा वेगाने धावते, याचे मोजमापही झाले आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा अभ्यास केला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक आढळली आणि दीड हजार लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला सुमारे सहापट वेळ लागला. विशेष म्हणजे यात यंत्रांनी चालवलेल्या खोट्या खात्यांचा वाटा निर्णायक नव्हता. खोटे पुढे ढकलणारी बहुतेक खरीखुरी माणसेच होती, कारण खोट्यात नावीन्य असते आणि नवे काही सांगणाऱ्याला चारचौघांत मान मिळतो.

व्हॉट्सॲपचे मात्र वेगळे आहे आणि खानदेशापुरते बोलायचे तर राजकारणावर सर्वांत मोठा प्रभाव त्याचाच आहे. तिथे कोणता संदेश वर आणायचा हे अल्गोरिदम ठरवत नाही. तिथे संदेश मामांकडून येतो, शाळेतल्या सरांकडून येतो, भजनी मंडळाच्या ग्रुपवरून येतो. माणसावरचा आपला विश्वास नकळत मजकुरावर उतरतो, आणि मामांनी तो मजकूर न वाचताच पुढे पाठवला असेल हे लक्षात येत नाही. शिवाय २०१६ पासून हे संदेश दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. खासगीपणासाठी ही व्यवस्था मोलाची आहे आणि ती असावी असेच माझे मत आहे. पण त्यामुळे एखादी अफवा कुठून निघाली आणि कुठवर गेली, हे बाहेरून कोणालाच दिसत नाही आणि ज्याच्याविषयी ती आहे त्याला तर ती सर्वांत शेवटी कळते. वेग किती, हे साध्या हिशेबाने पाहावे. एका ग्रुपमध्ये २५६ माणसे धरली आणि एकाने संदेश पाच ग्रुपवर टाकला, तर तो १,२८० मोबाइलवर जातो. त्यातल्या फक्त दहा जणांनी तो आणखी पाच-पाच ग्रुपवर टाकला, की १२,८०० मोबाइल झाले. एवढे व्हायला चहा संपण्याइतकाही वेळ लागत नाही.

या वेगाची किंमत देशात ज्या ठिकाणांनी मोजली, त्यांत आपल्या धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याचे राईनपाडा हे गाव आहे. १ जुलै २०१८ हा रविवार होता आणि गावाचा आठवडे बाजार भरला होता. त्याआधी कित्येक दिवस परिसरातल्या मोबाइलवर मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश येत होते. भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातले असे पाच जण त्या दिवशी तिथे आले होते. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढ्यावरून संशय उभा राहिला, जमाव जमला आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्या पाचही जणांना ठार मारण्यात आले. ज्या खोलीत गावाचे ठराव लिहिले जातात, त्याच खोलीत हे घडले. त्याच रात्री मालेगावात अशाच अफवेवरून एका कुटुंबाला जमावाने घेरले होते, पण तिथे पोलिसांनी आणि काही स्थानिकांनी त्यांना वाचवले. दोन्हीकडे अफवा एकच होती. फरक पडला तो मधे उभ्या राहिलेल्या माणसांमुळे.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, असे त्यात दिसते. मूळ चित्रफीत पाकिस्तानातील कराची येथे मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार केलेली होती. शेवटी तेच दोघे परत येऊन मुलाला सोडतात आणि हातात फलक धरून पालकांना सावध करतात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला आणि उरलेला तुकडा आपल्या देशात ‘पुरावा’ म्हणून फिरला. त्या चित्रफितीतले प्रत्येक दृश्य चित्रीकरण म्हणून खरेच होते, म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवणाऱ्या कोणालाही ते खोटे वाटले नाही.

राईनपाड्यानंतर सरकारने कंपनीला जाब विचारला. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी संदेश पाठवण्याची मर्यादा आणली. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. पुढे एप्रिल २०२० मध्ये, अनेक हातांतून फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आली. टपरीवर आबांना दाखवलेल्या आवाजावरची दोन बाणांची खूण अशाच संदेशांवर असते. आज जगभरातले लोक जी मर्यादा सहज वापरतात, तिच्या मुळाशी राईनपाड्यासारख्या घटना आहेत, हे आपल्या मुलांना माहीत असावे असे मला मनापासून वाटते.

अफवेला जात आणि धर्म चिकटला की तीच निवडणुकीच्या कामाला येते, आणि ती ओळखायला कंपन्यांची यंत्रणा अनेकदा अपुरी पडते. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्ध फेसबुकवरून द्वेष पसरत होता, तेव्हा २०१५ च्या सुरुवातीला बर्मी भाषा जाणणारे अवघे दोन तपासनीस कंपनीकडे होते. २०१८ मध्ये कंपनीने स्वतःच कबूल केले की तिने पुरेसे काही केले नव्हते. हे वाचताना माझ्या मनात अहिराणी येते, तावडी, पावरी, भिली आणि मावची येतात. या बोलींतला शेलका शब्द, टोमणा किंवा धमकी हजारो मैलांवरच्या यंत्राला कशी कळणार?

आता जाहिरातींकडे वळू. जाहीर सभेत उमेदवार जे वचन देतो ते सर्वांसमोर देतो, त्यामुळे दोन गटांना दोन परस्परविरोधी वचने देणे त्याला अवघड जाते. समाजमाध्यमांवरील जाहिरात मात्र वय, गाव, भाषा आणि आवडीनिवडी पाहून निवडक लोकांनाच दाखवता येते. रावेरच्या केळी बागायतदाराला पीकविम्याची, अक्कलकुव्यात वनपट्ट्याची वाट पाहणाऱ्या कुटुंबाला वनहक्काची आणि जळगावच्या एमआयडीसीत काम शोधणाऱ्या तरुणाला नोकरीची जाहिरात एकाच उमेदवाराकडून जाऊ शकते, आणि तिघांपैकी कोणालाही इतर दोघांना काय सांगितले हे कळत नाही. या पद्धतीचा गैरवापर किती दूर जाऊ शकतो हे मार्च २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात जगाला दिसले. फेसबुकवरील एक व्यक्तिमत्त्व चाचणी सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी घेतली होती, पण त्या ॲपने त्यांच्या मित्रांचीही माहिती उचलली आणि हा आकडा ८ कोटी ७० लाखांपर्यंत गेला. त्यात सुमारे ५ लाख ६२ हजार भारतीय असू शकतील, असे फेसबुकनेच सांगितले. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड केला.

आपल्याकडे निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्येच सूचना काढल्या होत्या. उमेदवाराने आपली समाजमाध्यमांवरील खाती प्रतिज्ञापत्रात नमूद करावीत, राजकीय जाहिरातींना प्रसिद्धीपूर्वी प्रमाणपत्र घ्यावे आणि हा खर्च निवडणूक खर्चात दाखवावा, असे त्यात आहे. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख रुपये आणि लोकसभेची ९५ लाख रुपये आहे. पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला मात्र मर्यादा नाही, आणि ‘आम्ही अमुक भाऊंचे समर्थक’ अशा नावाची पाने कोणाच्या पैशाने चालतात हे उमेदवाराच्या हिशेबात दिसत नाही. इथेही धनी सापडत नाही.

मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत प्रचार थांबवण्याची तरतूद लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ मध्ये आहे. मतदाराला शांतपणे विचार करता यावा आणि शेवटच्या क्षणी कोणी असे काही बोलू नये ज्याला उत्तर देण्यास वेळच उरणार नाही, हा तिचा हेतू आहे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी कंपन्यांनी आयोगापुढे आचारसंहिता स्वीकारली आणि या काळात आयोगाने कळवलेला आक्षेपार्ह मजकूर तीन तासांत हटवण्याचे मान्य केले. पण बंद ग्रुपमध्ये फिरणारा आवाज आयोगापर्यंत पोहोचतच नाही. युरोपातील स्लोव्हाकियात ३० सप्टेंबर २०२३ रोजी मतदान होते आणि तिथेही शेवटचे ४८ तास प्रचारबंदी असते. नेमक्या त्याच काळात एका पक्षनेत्याचा मतांची खरेदी करण्याविषयी बोलतानाचा आवाज पसरला. तो संगणकाने तयार केलेला बनावट आवाज होता, पण प्रचारबंदीमुळे त्याला उत्तर देणेही अवघड झाले. मतदाराच्या रक्षणासाठी ठेवलेले कुंपणच खोट्याच्या आश्रयाला आले.

आपल्या देशात फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्ली विधानसभा निवडणुकीच्या वेळी एका राष्ट्रीय पक्षाने आपल्याच प्रदेशाध्यक्षांची हरियाणवीत बोलतानाची चित्रफीत संगणकाने, ओठांच्या हालचालींसह, बनवून घेतली होती. ती फसवणुकीसाठी नव्हती, मतदाराशी त्याच्या बोलीत बोलण्यासाठी होती. तरी त्यातून काय शक्य आहे ते कळते. उद्या कोणताही नेता अस्खलित अहिराणीत बोलताना दिसेल आणि आपली बोली ऐकून आपले मन आपोआप मऊ होईल. बोलीवरचा हा विश्वास आजवर आपले कवच होता. आता तोच फसवणुकीचा मार्गही होऊ शकतो.

इथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. समाजमाध्यमेच लोकांची मते फिरवतात आणि निवडणुका जिंकून देतात, असे सरसकट विधान पुराव्याला धरून नाही. अमेरिकेच्या २०२० च्या निवडणुकीच्या वेळी संशोधकांनी काही वापरकर्त्यांचे फेसबुक आणि इन्स्टाग्राम तीन महिने अल्गोरिदमऐवजी साध्या कालक्रमाने दाखवले. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. लोकांच्या राजकीय मतांत आणि परस्परांविषयीच्या कटुतेत लक्षणीय फरक आढळला नाही आणि कालक्रमाने दाखवल्यावर अविश्वासार्ह मजकूर उलट वाढला. म्हणजे अल्गोरिदम बंद केला की सगळे सुरळीत होईल, ही समजूत टिकत नाही. आपल्याकडे जातीचे गणित, पाण्याचा प्रश्न, पैसा आणि उमेदवाराचा संपर्क या गोष्टी आजही मत ठरवतात. दुसरीकडे, रुमेनियाच्या घटनात्मक न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरीच रद्द केली आणि त्यामागे टिकटॉकवरील संशयास्पद प्रचार हे प्रमुख कारण होते. दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की मला एवढेच म्हणता येते: मत किती फिरले हे मोजणे कठीण आहे, पण निकालावरचा विश्वास डळमळू शकतो हे स्पष्ट दिसते, आणि हरलेल्याने निकाल मान्य करण्यावर तर लोकशाही चालते.

आणखी एक परिणाम आकड्यांत दिसत नाही. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. आमच्या परिसरातील एक सरपंच ताई गावाच्या ग्रुपवर पाणीपुरवठ्याच्या वेळा स्वतः लिहीत असत. कोणीतरी त्यांच्या छायाचित्राखाली घाणेरडा मजकूर जोडून तो फिरवला. त्या दिवसापासून ग्रुपवर त्यांच्या नावाने त्यांचा मुलगा लिहितो. कायद्याने मिळालेली खुर्ची राहिली, आवाज गेला.

मग सरकारने कडक कायदा करून हे सगळे थांबवावे का? तो मार्गही काटेरी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ वापरून २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील एका साध्या मतप्रदर्शनासाठी अटक झाली होती. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. याच कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनी मोठ्या कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमणे आणि तक्रार १५ दिवसांत निकाली काढणे बंधनकारक केले, जे योग्यच आहे. संदेश मुळात कोणी पाठवला हे शोधून देण्याची अटही त्यात आहे आणि तिच्याविरुद्ध व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेले. मला ‘कोनी सांगं’ हा प्रश्न इतका महत्त्वाचा वाटत असूनही ही अट सरसकट असावी असे वाटत नाही, कारण त्या साधनाने जसा अफवा पसरवणारा सापडेल तसाच भ्रष्टाचाराची माहिती देणारा कर्मचारीही सापडेल. सरकारविषयीची कोणती बातमी खोटी हे सरकारच्याच कक्षाने ठरवण्याची २०२३ ची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. सरसकट बंदीचे काय होते हे सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळने दाखवले. तिथे २६ माध्यमांवर बंदी आली आणि काही दिवसांतच तरुणांच्या उठावापुढे पंतप्रधानांना पायउतार व्हावे लागले.

त्यामुळे माझी नजर पुन्हा गावाकडेच वळते. गेल्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आमच्या गावातील एका पदवीधर मुलीने गटारीच्या कामाचा प्रश्न काढला. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर वित्त आयोगाच्या निधीतून गटारीचे काम पूर्ण झाल्याची नोंद होती आणि प्रत्यक्षात अर्धी गल्ली कोरडीच होती. तिने ते पान आदल्या आठवड्यात गावाच्या ग्रुपवर टाकले होते, म्हणून एरवी वीस-पंचवीस माणसांत आटोपणाऱ्या सभेला शाळेचा वर्ग भरून बाहेर ओट्यापर्यंत लोक होते. तिने रक्कम वाचून दाखवली, तेव्हा एक सदस्य चिडून म्हणाले, “कोनी सांगं तुले?” तिने कागदाची छापील प्रत पुढे केली, त्यावरील कामाचा क्रमांक आणि तारीख मोठ्याने वाचली आणि खाली स्वतःची सही करून ती ग्रामसेवकांच्या हातात दिली. ग्रामसेवकांनी तिचे नाव आणि प्रश्न इतिवृत्तात लिहून घेतले, आणि गटारीचे मोजमाप सर्वांसमोर पुन्हा घेण्याचे ठरले.